उलटी गुंडाळी

गंगावऱ्ह्याच्या काठावर, मार्च संपताना
धरणाचं पाणी इतकं मागे सरलेलं
की बोट चिखलात बसली होती
एका कुशीवर, म्हशीसारखी.
मोटरीवरचं नाव उन्हाने खाल्लेलं.
हिरामण बेंडकोळी म्हणाला,
"मी इथं चक्र फिरवतो
आणि ती तिथं मागं इचार करत बसती."

मी जन्मभर स्कूटरच्या क्लच-केबली ओवल्या,
द्वारकेजवळ, पत्र्याच्या चार बाय सहात.
बोटीचं काम पहिलंच.
पण तार ती तार.
ओढली की यावी, सोडली की जावी,
आणि मधेच अडली तर बोट घालून बघावं.
(बोटीत बोट. तौफिक दिवसभर हसत होता यावर.)

चिंधी घेतली, तारेवरून सरकवत नेली.
डाव्या काठाने विनातक्रार गेली.
उजवीकडे तिसऱ्या पुलीपाशी धरली तिला कुणीतरी:
एक सुटलेला तंतू, मग सात,
मग मोजणं सोडलं.
प्लास्टिकचं आवरण तडकलेलं,
आत गंज, ढेपेच्या तळाच्या गुळासारखा.
पुली तर कधीच फिरायची थांबलेली.
तार तिच्यावरून घासत घासत
अ‍ॅल्युमिनियमात स्वतःपुरती
वेगळी वाट कापून मोकळी झाली होती.

अंबडच्या शकूरभाईने लेथवर
नायलॉनच्या सहा पुल्या काढून दिल्या,
सातवी न मागता.
"एक पाण्यात पडणारच."
पडली.

तार नवी, पाच एमएम, स्टेनलेस.
ढिलाई खायला दोन स्प्रिंगा,
भंगारातल्या राजदूतच्या स्टँडच्या.
मग डॅशबोर्डखाली पाठीवर झोपून
जुना ड्रम उघडला
आणि टॉर्च धरून तसाच पडून राहिलो.

वेढे उलटे होते.
साडेतीन वेढे, नीट, एकाशेजारी एक,
पण उलटे.
म्हणजे चक्र डावीकडे, तर बोट उजवीकडे.
म्हणजे इतकी वर्षं हा माणूस
सावरगावच्या लग्नाची वऱ्हाडं,
द्राक्षांचे क्रेट, एकदा एक अडलेली बाई
पलीकडे नेत होता
प्रत्येक वळण मनात उलटं करून.

मी काही बोललो नाही.
सुलटं गुंडाळलं. क्लॅम्प आवळले.
चक्र बोटाने ढकललं तरी मोटर मान वळवायची,
हाक मारल्यासारखी.

हिरामण बसला. दोरी ओढली, चौथ्या ओढीला पेटली.
पन्नास फुटांवर गेला आणि थेट
बाभळीच्या बुडालेल्या फांद्यांत शिरला.
मागे घेतली. पुन्हा बाभूळ.
तौफिक हसायला लागला, मी त्याच्या पायावर पाय दिला.

काठावर येऊन हिरामण बराच वेळ
चक्राकडे बघत राहिला.
"भावानं गुंडाळली व्हती ती.
मला म्हनला, चुकलंय, उद्या सुधारतो.
दुसऱ्या दिवशी टँकरवर गेला तो, सिन्नर घाटात..."
वाक्य तिथेच सोडून त्याने
हातावरचा चिखल हाफपँटला पुसला.
मग एकदम चेष्टेच्या सुरात,
"आन तसंबी, उलटी आसली का चोराला नेता येत न्हाई.
दोनदा नेली. दोन्ही टायमाला ह्याच बाभळीत घावली."

पुन्हा पाठीवर झोपलो.
साडेतीन वेढे, उलटे.
नव्या तारेला ते पटत नव्हतं,
सारखी उसळून हाताबाहेर जात होती.
अंधार पडेपर्यंत बसवली.

बिलात पुल्या, तार, क्लॅम्प लिहिले.
गुंडाळायचं कामच दोनदा झालेलं,
ते लिहिलं नाही, एकदाचंही.

निघण्याआधी डॅशबोर्डच्या झाकणाच्या आतून
तौफिकच्या मार्करने लिहिलं,
पुढे कधी कुणी उघडेल त्याच्यासाठी:
उलटं आहे. माहीत आहे.
हात लावू नये.